फोंड्यातील एक शिवराक डबा: मासळी सोडल्यानंतरच्या चार महिन्यांचे परीक्षण

गेल्या श्रावणापासून मी मासळी खात नाही. सोमवार आणि एकादशी सोडली, तर आमच्या घरी दुपारच्या ताटात बांगडा किंवा तारले असायचेच आणि काहीच मिळाले नाही, तर निखाऱ्यावर भाजलेले खारे (सुकी मासळी) तरी असायचे. अशा घरातल्या माणसाने चोपन्नाव्या वर्षी हे वाक्य लिहावे, याचे माझ्या भावंडांना अजूनही नवल वाटते. कारण मुळीच आध्यात्मिक नाही. आषाढात एका रात्रीत उजव्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला, त्यावर पांघरुणाचे टोक पडलेलेही सोसवेना, आणि रक्ततपासणीत यूरिक ॲसिडचे प्रमाण ८.६ निघाले. शरीरात ज्याचे यूरिक ॲसिड होते, ते प्युरिन अधिक असलेल्या पदार्थांची यादी डॉक्टरांनी पुढे केली, तेव्हा त्यांनी माझ्याच घरचा आठवड्याचा बेत वाचून दाखवला, असे वाटले: तारले, बांगडे, शिनाणे. त्यांनी ‘कमी करा’ एवढेच सांगितले होते. ‘बंद’ हा निर्णय माझा, कारण ताटात एक तळलेली तुकडी आली की दुसरी मागितल्याशिवाय मी उठत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे.

प्रस्तुत परीक्षण गोव्यातील फोंडा शहर आणि त्याच्या आसपास दुपारचा शिवराक डबा पोहोचवणाऱ्या एका दांपत्याच्या सेवेचे आहे. काकी स्वयंपाक करतात, काका स्कूटरवरून डबे पोहोचवतात, आणि मदतीला सकाळी एक बाई येते. रोज पस्तीस डबे होतात आणि त्याहून अधिक करण्याची त्यांची ना जागा आहे, ना इच्छा. नाव छापून आले, तर नकार द्यायचे काम वाढेल, असे त्यांचे म्हणणे पडल्यामुळे नाव आणि ठिकाण मी लिहीत नाही. मग परीक्षण कशाला, असा प्रश्न रास्त आहे. माझ्यासारखा जन्मभर नुस्त्यावर, म्हणजे मासळीवर, वाढलेला माणूस शाकाहाराकडे वळू पाहत असेल, तर त्याने कसा डबा शोधावा, त्यात काय पाहावे आणि काय खपवून घेऊ नये, हे या डब्याच्या निमित्ताने नीट मांडता येते. गोव्यात घरगुती डबे देणारी माणसे बहुतेक गावांत आहेत. अडचण असते ती योग्य डबा ओळखण्याची.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडे शाकाहाराला शिवराक म्हणतात आणि तो शब्द बहुधा दिवसाला चिकटून येतो. ‘आयज शिवराक’ म्हणजे आज मासळी नाही. शिवराक हा माणसाचा प्रकार नसून वाराचा प्रकार आहे, अशीच आमची लहानपणापासूनची समजूत. सोमवारी, श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत घरात मासळी येत नाही, आणि ते दिवस सरले की मासळी बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे इथल्या हिंदू घरांत शाकाहारी स्वयंपाक उत्तम येतो. परंतु तो मुदतीचा असतो. मुदत संपल्यावर तोच स्वयंपाक रोज कसा चालवायचा, याचा घरात कोणी विचारच केलेला नसतो.

मासळी सोडण्याचा माझा हा पहिला प्रयत्न नव्हता. जुलै २०१८ मध्ये मासळीत फॉर्मालिन हे घातक रसायन मिसळले जात असल्याच्या बातम्यांनी गोवा हादरला आणि सरकारने परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर पंधरवड्याची बंदी घातली, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या निम्म्या मंडळींनी आता मासळी कायमची बंद म्हणून जाहीर केले होते. त्यांत मीही होतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची पावसाळी मासेमारीबंदी उठून ट्रॉलर समुद्रात गेले आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे पुन्हा एकाच टेबलावर विसवणाच्या (सुरमईच्या) कढीला भिडलो. तेव्हा मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि पापड यांवर दिवस काढत होतो, आणि तेच माझ्या पराभवाचे कारण होते. ते आज कळते.

या वेळी आधी तीन वाटा चोखाळून पाहिल्या. पहिली वाट उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहातल्या थाळीची. ती स्वच्छ, वेळेवर आणि पोटभर असते. तथापि आठवडाभर सांबार जेवल्यावर मला आपण प्रवासात आहोत, असे वाटू लागले. दुसरी वाट गोठवलेल्या, वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘फिश’च्या तुकड्यांची. पाकिटावर हिरवा ठिपका होता, रवा लावून तळल्यावर रंगही बरा आला, पण तोंडात घातल्यावर ओल्या पुठ्ठ्याला मीठ लावल्याची चव. मासळीची आठवण विसरावी म्हणून आणलेल्या वस्तूने ती आठवण अधिकच ताजी केली. तिसरी वाट म्हणजे दुसरा एक घरगुती डबा. त्याचेही नाव देत नाही, कारण वेगळे आहे. तिसऱ्याच दिवशी तांबड्या भाजीत मला गालमो सापडला, म्हणजे सुकवलेली बारीक सुंगटे. फोन केला, तेव्हा पलीकडून अगदी निरागसपणे उत्तर आले, ‘भाजीच ती, दोन गालमे चवीक घातल्यात.’ यात फसवणूक नव्हती. गोव्यात दोडकी, भेंडी किंवा तांबडी भाजी यांत सुंगटे पडली, तरी तिला भाजीच म्हणतात. म्हणून पहिली सूचना: डबा ठरवताना ‘शिवराक आहे ना?’ एवढेच विचारून थांबू नये. भाजीत सुकी सुंगटे पडतात का, तळणीचे तेल मासळीच्या कढईतले असते का आणि त्याच घरात मासळी शिजते का, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत.

या दांपत्याच्या घरी तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला न विचारताच मिळाली. काकींचे सासरे देवळांतल्या समाराधनांचे (सामुदायिक भोजनांचे) रांदपी, म्हणजे आचारी, होते, आणि शेकडो पानांच्या पंगतीचा तो स्वयंपाक त्यांनी सासऱ्यांच्या हाताखाली शिकून घेतला. डबे सुरू केल्यापासून त्या स्वयंपाकघरात मासळी येत नाही. काकांना मासळी लागते. ते ती मागल्या दारी, वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या भांड्यात करून खातात. हे मला सांगताना ते थोडे ओशाळले होते.

डबा चार खणांचा, स्टीलचा. भाताचा खण मोठा, त्यावर कढी किंवा तोंडाक (कडधान्याची रस्सेदार उसळ), त्यावर सुकी भाजी आणि सर्वांत वर दोन चपात्या. सोबत बाटलीत सोलकढी, सोमवारी आणि एकादशीला बिनलसणाची. भात उकड्या तांदळाचा. नको असल्यास सुरय (साधा तांदूळ) मिळतो. परंतु उकडा मोकळा, दाणेदार शिजवणे हीच खरी परीक्षा, आणि त्यात चार महिन्यांत एकदाच चिखल झाला. डबा साडेबाराला येतो. त्याला उशीर झाला, तो फक्त चतुर्थीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, आणि त्या दिवशी फोंड्यात रुग्णवाहिकाही अडकली असती.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी डब्यात खतखते आले. सुरण, मुळा, रताळे, तांबडा भोपळा, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे तूरडाळीत शिजवून, त्यात नारळ-मिरचीचे वाटण, सोलां (आमसुले), गूळ आणि तिरफळे घातलेला हा पदार्थ मी आयुष्यभर खात आलो आहे. मात्र त्याआधी बारा-पंधरा दिवस तोंडाला मासळी लागलेली नव्हती. पहिल्याच घासाला तिरफळाचा तो सुगंध नाकात गेला, जिभेच्या टोकाला नेहमीची बारीक झिणझिणी आली, आणि मला स्वच्छ बांगड्याचे हुमण (नारळाच्या रसातली कढी) आठवले. आठवले, पण हवेसे वाटले नाही, कारण ते जणू मिळालेच होते. माझ्या जिभेला बांगडा नको होता. बांगड्याबरोबर चाळीस-पन्नास वर्षे येत असलेले तिरफळ, सोलांचा आंबटपणा आणि ओल्या खोबऱ्याचा दाट रस तिला हवा होता. बांगडा त्यात निमित्तमात्र होता.

त्यानंतर मी डब्यातल्या प्रत्येक पदार्थाकडे या दृष्टीने पाहू लागलो आणि गोमंतकीय शिवराक स्वयंपाक हा मासळीच्या स्वयंपाकाला समांतर चालतो, हे उशिरा का होईना ध्यानात आले. बांगड्याची उडदामेथी असते, तशी आंबाड्यांचीही असते. भाजलेले उडीद, मेथीचे दाणे आणि खोबरे यांचा तोच कडवट खमंगपणा, फक्त आत मासळीच्या जागी आंबाडा हे आंबट फळ. मांसाच्या शागुतीचा तोच भाजलेला मसाला अळमीला (रानअळंबीला) लावला की पावसाळ्यातली सर्वांत महाग शिवराक मेजवानी होते. तळलेल्या तुकडीच्या जागी सुरणाचे, वांग्याचे किंवा नीरफणसाचे काप, तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवलेले. म्हणजे शीत, कढी आणि बाजूला काहीतरी कुरकुरीत, ही आमच्या जेवणाची मांडणी जशीच्या तशी राहते. २०१८ मध्ये मी मासळीबरोबर ही सगळी मांडणीच ताटातून काढून टाकली होती.

तिरफळांविषयी काकींना विचारले, तेव्हा त्यांनी डबा भरण्याचे काम थांबवून मला ती दाखवली. सुकलेली, उमललेली, तपकिरी टरफले आणि त्यांतून निवडून बाजूला काढलेल्या काळ्या चकचकीत बिया. वापरायचे ते टरफल. बी टाकून द्यायची. टरफले कोमट पाण्यात थोडी चेचून अगदी शेवटी घालायची आणि झाकण ठेवायचे. ‘तेफळां चड पडलीं जाल्यार जीब जड जाता,’ असे म्हणत त्यांनी पस्तीस डब्यांच्या टोपात किती तिरफळे घालायची, ती मोजून घातली. मोजताना मध्ये कोणी बोलले, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायची, असा त्यांचा शिरस्ता दिसला. चार महिन्यांत खतखत्याची चव एकदाही कमीजास्त झालेली नाही, त्यामागे हे मोजणे असावे.

मुगागाठी हा या डब्याचा दुसरा मानाचा पदार्थ. मूग मोड आणून, कोमट पाण्यात चोळून त्यांची साले वर तरंगवून काढणे हे किचकट काम बहुतेक खाणावळींत टाळले जाते आणि सालांसकट मूग शिजवून त्याला गाठी म्हणतात. इथे साल क्वचित एखादे दिसते. धणे, मिरी आणि खोबऱ्याचे वाटण, गुळाचा खडा, वर मोहरी-कढीलिंबाची फोडणी. दाणा बोटाने दाबला, तर मोडतो, पण रसात विरघळलेला नसतो. बुधवारी अळसांद्यांचे (चवळीचे) किंवा वाटाण्याचे तोंडाक असते. त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा रंग कधी कधी गरजेपेक्षा काळपट होतो आणि कडवट झाक येते. हे मी त्यांना दोनदा सांगितले. एकदा सुधारले, पुन्हा तसेच झाले.

कापांची गोष्ट स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. पहिले पंधरा दिवस नीरफणसाचे काप भाजीच्या खणातच येत आणि डबा उघडेपर्यंत वाफेने भिजून त्यांचा रवा निखळून भाजीत पडलेला असे. कापाचा कुरकुरीतपणा गेला, तर मासळी सोडणाऱ्या माणसाचा निम्मा आधार गेला, असे मी काहीशा नाटकी भाषेत काकांना सांगितले. त्यांनी ते फारसे मनावर घेतल्यासारखे दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काप केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून, डब्याच्या बाहेर, कागदी पिशवीत आले. गरम असताना पान बंद करायचे नाही, थोडी वाफ जाऊ द्यायची, एवढीच युक्ती. दुपारी एक वाजता ते घरच्याइतके नाहीत, पण चावताना आवाज येतो. यासाठी जादा पैसे घेतले जात नाहीत.

आता आहाराच्या हिशेबाकडे वळतो, कारण चवीच्या आनंदात ही बाजू विसरली जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. माझे वजन ६८ किलो, म्हणजे मला साधारण ५६ ग्रॅम हवीत. एक रविवार खर्ची घालून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्याइतके जिन्नस वजन करून पाहिले. एका वाटी मुगागाठीत कोरडे मूग सुमारे ३० ग्रॅम जातात आणि त्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन चपात्या, भात आणि भाजी धरून पूर्ण डबा २० ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. खतखत्याच्या दिवशी तर १५ च्याही खाली, कारण त्यात डाळ नावापुरती आणि कंदमुळे भरपूर. पूर्वी बांगड्याच्या दोन तुकड्यांनी हा प्रश्न मला कळण्याआधीच सोडवलेला असायचा. आता सकाळी एक पेला दूध, दुपारी डब्याबरोबर वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि रात्री डाळ, अशी भरपाई मला स्वतःला करावी लागते. डबा उत्तम असला, तरी तो एका वेळचे जेवण आहे. तो दिवसाचा आहार नव्हे. काकींचे यावर उत्तर असे की समाराधनेत कोणी प्रथिने मोजत नाही. ते खरेच आहे, पण समाराधना रोज नसते.

डाळींतही प्युरिन असते, मग यूरिक ॲसिडवाल्याने तोंडाक कसे खावे, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. मासळी आणि मांसाप्रमाणे कडधान्यांनी यूरिक ॲसिडच्या संधिवाताचा (गाउटचा) धोका वाढल्याचे आढळत नाही, तेव्हा बेताने खायला हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. बी-१२ जीवनसत्त्वाची मात्र त्यांनी वेगळी ताकीद दिली. ते वनस्पतींतून मिळत नाही. शरीरातला साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे कमतरता पहिल्या महिन्यांत जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. दूध-दही चालू ठेवून सहा महिन्यांनी तपासणी करायची, असे ठरले आहे. लोहाच्या बाबतीत डब्यातली सोलकढी आणि लिंबाची फोड उपयोगी पडते, कारण आंबटासोबत भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेण्याची कार्यालयातली सवय मात्र त्याच लोहाच्या मुळावर येते. ती मला अजून मोडता आलेली नाही.

भाजीच्या दर्जाविषयी. गोव्यात खपणारी बरीचशी भाजी घाट उतरून बेळगावहून येते आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सवलतीत मिळते. माझ्या घरची रात्रीची भाजी तिथलीच असते. काकी मात्र शक्य तितकी गावठी भाजी घेतात. पावसात तायखिळो (टाकळा), अळू, दोडकी आणि सात शिरांची लांब भेंडी, तर थंडी सुरू झाल्यावर तांबडी भाजी, मुळा आणि अळसांद्याच्या कोवळ्या शेंगा. आगशीची वांगी मिळाली, तर त्या दिवशी काप वांग्याचे. त्यांचा गर कापताना लोण्यासारखा असतो आणि बी जवळपास लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या वांग्यांचा भाव मात्र ऐकवत नाही. तायखिळ्याची भाजी पहिल्या पावसाची, कोवळ्या पानांचीच चांगली. श्रावण सरता सरता ती काहीशी राठ झाली होती, तरी आठवड्याला येतच राहिली. ही तक्रार बारीक आहे, पण आहे.

मोठ्या तक्रारी दोन. पहिली शनिवारची. शनिवारी बहुतेक गिऱ्हाइके घरी असतात, त्यांच्या मुलांना आवडावे म्हणून डब्यात पनीरची लाल, गोडसर भाजी आणि जिरा राईस येतो. जिच्या हातची उडदामेथी खाऊन मी काही काळ बोलणे थांबवतो, त्याच हातचे हे पनीर कुठल्याही महामार्गावरच्या ढाब्यात मिळेल इतके सामान्य आहे. मलईचा थर, केचपसारखा गोडवा आणि रबरासारखे तुकडे. प्रथिनांच्या हिशेबाने शनिवार सर्वांत सरस, आणि चवीने सर्वांत वाईट. मी आता शनिवारी आदल्या रात्री संदेश पाठवून पनीरऐवजी वरण, भात आणि केळ्याची सुकी भाजी मागतो. ती मिळते, पण किमतीत फरक पडत नाही.

दुसरी तक्रार रविवारची. रविवारी डबा बंद असतो. त्यांनाही विश्रांती हवी, हे मान्य आहे. परंतु गोव्यात मासळी सोडणाऱ्याची खरी कसोटी लागते ती रविवारीच. सकाळी नऊला दारात मासळीवाली हाक देते, घरात विसवण किंवा चणक येतो, अकराच्या सुमारास रव्याचा आणि तेलाचा वास जिन्यापर्यंत पोहोचतो. माझ्या घरी इतर तिघांनी मासळी सोडलेली नाही, आणि त्यांनी सोडावी असे मी म्हणतही नाही. श्रावण आणि चतुर्थी संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम सकाळीच बाहेर पडलो आणि भाजीपाव खाऊन परतलो. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र, सोबत उंडो हा गोल पाव, वर मिरचीभजे. पोट भरले, पण दुपारी जेवायच्या वेळी ताटावर बसलोच, आणि वरणभात कालवताना शेजारच्या ताटातून येणारा तो वास. त्या दिवशी मी खाल्ले नाही, एवढेच सांगतो. सहज टाळले, असे म्हणालो तर खोटे होईल.

यावर तोडगा काकींनीच काढला. शनिवारच्या डब्यासोबत त्या वाटीभर ताजे वाटण आणि कागदाच्या पुडीत मोजून तिरफळे देतात. दोघांपुरत्या खतखत्याला ते पुरते. त्याचे वीस रुपये. वाटण शीतकपाटात रात्रभर टिकते. रविवारी मी भाज्या चिरतो, डाळ शिजवतो आणि बाकी काम त्या वाटणाचे. मासळी तळली जात असताना शेजारच्या शेगडीवर आपले काहीतरी रटरटत असणे, हा मोठा आधार असतो. सौभाग्यवती पहिल्या रविवारी चव पाहून म्हणाल्या, ‘सोलां कमी पडलीं.’ दुसऱ्या रविवारी त्यांनी न विचारता एक वाटी स्वतःच्या ताटात वाढून घेतली, मासळीच्या जोडीला.

गोडाविषयी दोन वाक्ये पुरेत. महिन्यातून एकदा मणगणे येते, चण्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाचे, आणि ते अप्रतिम असते. शाकाहाराकडे नव्याने वळलेल्यांनी बेबिंका या थरांच्या गोमंतकीय गोडाच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण तिच्या प्रत्येक थरात अंड्याचे बलक असते. अंडे चालत नसेल, तर तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ यांचे दोदोल बरे.

किंमत. सुटा डबा १२० रुपये, सोमवार ते शनिवार महिनाभराचे २,९०० रुपये, दोन स्टीलच्या डब्यांसाठी ५०० रुपये अनामत. डबा परत देताना विसळून द्यावा लागतो. न विसळता दिला, तर काका काही बोलत नाहीत, फक्त तो उघडून तुमच्यासमोर पाहतात. डबा नको असल्याचे आदल्या रात्री आठपर्यंत कळवल्यास त्या दिवसाचे पैसे घेतले जात नाहीत. स्वस्त म्हणावा असा हा डबा नाही. परंतु बाजारात मध्यम बांगड्यांचा भाव लक्षात घेतला, तर माझा दुपारचा खर्च मासळीच्या दिवसांपेक्षा कमीच आहे. नारळाचा वापर सढळ आहे, तो ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावे. माझ्या एका सहकाऱ्याने कमी नारळाचा डबा मागून पाहिला, तेव्हा त्याला तीन दिवस वरणच मिळाले.

चौथ्या महिन्याअखेर माझे यूरिक ॲसिड ६.१ झाले. याचे श्रेय मी डब्याला देत नाही, कारण डॉक्टरांची गोळी चालू आहे, पाणी अधिक पितो आणि संध्याकाळची बिअरही सुटली आहे. यांतले नेमके कशाने किती झाले, ते वेगळे करून सांगता येणार नाही. डब्याने केले ते एवढेच की या चार महिन्यांत मला दुपारच्या जेवणाची वाट पाहावीशी वाटली, आणि २०१८ मध्ये नेमके तेच घडले नव्हते.

सध्या नवे गिऱ्हाईक घेत नाहीत, हे वर सांगितलेच. माघातल्या जत्रांच्या दिवसांत डबा आठ दिवस बंद राहील, अशी चिठ्ठी परवाच्या डब्यात आली आहे. त्या आठ दिवसांचे वाटण देता येईल का, असे विचारले असता काकांनी ‘विचारून सांगतो’ म्हटले आहे.